नईमाचं लुगड्यांचं जाळं

नईमा पिंजारणीच्या उजव्या अंगठ्याचं नख उभ्या सारंगखेड्याला ठाऊक होतं. बाकीची नखं ती कापायची, हे एक राखायची. गोधडी शिवून झाली की डोळे मिटून ते नख टाक्यांवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायची, आणि एखादा टाका चुकला असला तर नख तिथंच अडायचं. मग गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी ती सगळी ओळ उसवायची. गिऱ्हाईक म्हणायचं, राहू दे ना, कोण बघतंय? नईमा म्हणायची, "मन्हं नख देखस." अशा बाईशी हुज्जत घालण्यात अर्थ नसतो, हे गावाला लवकरच कळलं होतं.

तिचा नवरा बशीर कापूस पिंजायचा. पण नंदुरबारात कापसाचे कारखाने निघाले, बाजारात गिरणीच्या चादरी आणि ब्लँकेटं आली, आणि बशीरची पिंजायची धनुकली महिन्याचे निम्मे दिवस खुंटीला टांगलेली राहू लागली. बशीर स्वभावानं गरीब माणूस. त्या खुंटीखाली बसून तो विडी ओढायचा आणि जमाना खराब आला म्हणायचा. नईमाला हे बोलणं खपत नसे. जमाना खराब असेल, पण पोट तर ठणठणीत आहे ना, ते रोज वेळेवर जागं होतंय, असं ती त्याला सुनवायची.

घर चाललं होतं ते तिच्या सुईवर. तापीकाठच्या पाटलांच्या घरी जुनं लुगडं फेकत नसत. विरलं, फाटलं की ते नईमाकडे यायचं आणि गोधडी होऊन नातवंडांच्या अंगावर जायचं. उरलेल्या पट्ट्या नईमाच्या, हा रिवाज. त्यामुळे तिच्या घरात एका कोपऱ्यात गावच्या सगळ्या सासवा-सुनांच्या लुगड्यांचे काठ गुण्यागोविंदानं एकत्र नांदत होते, जे त्या सासवा-सुनांना कधी जमलं नाही.

नईमाला जगात जीव लावायला एकच माणूस होतं, आयशा. धाकटी बहीण. आई वारली तेव्हा आयशा रांगत होती. नईमानं तिला कडेवर वाढवलं, तिच्या डोक्यातल्या उवा काढल्या, तिच्यासाठी स्थळ शोधलं. आगगाडीमुळे सुरत जवळ आली होती, म्हणून आयशाला तिनं तिकडं दिली. तापी जिथं खंबायतच्या आखाताला मिळते, तिथलं मच्छीमारांचं गाव. नवरा हारुन, स्वतःच्या होडीचा मालक. नईमा लोकांना सांगायची, आम्ही दोघी एकाच नदीवर राहतो, मी वरच्या टोकाला, ती खालच्या. हे बोलताना तिला फार बरं वाटायचं.

आता या नदीतल्या दोन मासळ्यांविषयी सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट त्यांच्यावरच आहे. एक चाकसी. ती समुद्राची. पावसाळ्यात तापी गढूळ होऊन दोन्ही काठ धरून वाहू लागली की चाकसी पुराशी झुंजत वर यायची, थेट प्रकाशा गावच्या डोहापर्यंत. हातभर लांब, रुप्याच्या रंगाची. पाटील मंडळी ती खात नसत, पण बघायला घाटावर यायची. भोई, भिल्ल, मुसलमान यांच्या घरी मात्र त्या दिवसांत चुली हसायच्या. भिला भोई पहिली चाकसी नईमाच्या दारात आणून टाकायचा, कारण त्याच्या पोरांच्या गोधड्या तिच्या हातच्या होत्या.

दुसरी चांदणी. बोटभर, तीही रुपेरी. चाकसी परत गेली, पाणी निवळलं, थंडी पडली की डोहाच्या कडेकडेनं तिचे थवे दिसायचे. जाळ्याच्या भोकांतून ती निसटून जायची, म्हणून तिच्या वाटेला कोणी जात नसे. काठावरच्या सगळ्यांना पक्कं माहीत होतं, की चाकसी समुद्राची आणि चांदणी तापीची. चाकसी चांदणीला खाते, म्हणून ती गेल्याशिवाय चांदणी बाहेर पडत नाही. भिलाच्या बापाला हे माहीत होतं, त्याच्या आज्याला माहीत होतं. इतक्या माणसांना इतकी वर्षं माहीत असलेली गोष्ट खोटी असेल, असं कोणाच्या मनात येणार?

सन एकोणीसशे पंचवीसच्या हिवाळ्यात भिला नईमाच्या अंगणात येऊन बसला.

"भाभी, एक गोधडी शिवी दे. पन तिमा कापूस नको भरू."

"बिनकापूसनी गोधडी कोन पांघरी रे?"

"तापीले पांघराडसू," भिला म्हणाला.

त्याला काय हवंय ते नईमाला तिथल्या तिथं समजलं. तिनं मऊ झालेली लुगडी निवडली. जाड कापडातून पाणी जात नाही, विरलेल्यातून जातं. दुहेरी टाक्यानं ती एकाला एक जोडली, खालच्या काठात खापराचे तुकडे शिवले, मध्यभागी एक लांब झोळी काढली. भिला आणि त्याच्या भावानं ते लुगड्यांचं जाळं डोहात ओढलं आणि काठावर आणलं, तेव्हा झोळी दोघांना उचलेना. वाळूवर चांदणी पसरली तर बघणाऱ्यांचे डोळे दिपले. नईमानं तिला मीठ, हळद आणि नंदुरबारी मिरची चोळली आणि उन्हात वाळवली. पुढच्या आठवड्याच्या बाजारात ती हातोहात गेली.

त्या एका दिवसात नईमाचं नशीब फिरलं. प्रकाशा, सारंगखेडा, कोरीट, सगळ्या काठावरचे भोई तिच्याकडे येऊ लागले. धनुकली कायमची खुंटीला लागली आणि बशीर खापरांना भोकं पाडू लागला. दिवाळी ते होळी तापीचा काठ सुकत्या चांदणीनं पांढरा दिसायचा. नईमाला अभिमान वाटायचा आणि तो ती लपवतही नसे. काठावरच्या कोणत्या घरची चूल आपल्या सुईमुळे पेटते, हे ती बोट दाखवून सांगायची.

चार-पाच वर्षांनी चाकसी कमी येऊ लागली. मग फारच कमी. एका पावसाळ्यात भिला रिकाम्या हातानं दारात आला आणि ओशाळं हसला. कोणी म्हणालं पुलाच्या धक्क्यानं बुजली, कोणी म्हणालं आगगाडीच्या धुरानं. भिलाचं मत ठरलेलं होतं.

"समुद्रवाला बठ्ठं खाई गयात. आम्हले काय उरी?"

पण नईमाला माहीत होतं, समुद्रवाल्यांच्याही तोंडचं पाणी पळालंय. आयशाकडून निरोप येत होते. हारुनच्या जाळ्यात चाकसी लागत नाही. मग आला, दुसरी मासळीही पुरेशी लागत नाही, तो खोल समुद्रात जातो आणि आठ-आठ दिवस येत नाही. मग आला, होडी वाळूवर पालथी घातली आहे, तिच्याखाली कोंबड्या अंडी घालतात आणि हारुन सुरतेला गिरणीत जातो. तिथल्या कापसाच्या धुळीनं त्याला खोकला लागला. नईमा हे ऐकून रात्रभर तळमळली. आपण दिलेलं स्थळ. तिनं एक मोठं पोतं घेतलं, त्यात सुकी चांदणी ठासून भरली, आपल्या हातानं तोंड शिवलं आणि ओळखीच्या व्यापाऱ्याबरोबर सुरतेच्या गाडीनं पाठवून दिलं. समुद्राकाठच्या बहिणीला नदीकाठची बहीण मासळी पाठवते, यावर गाव हसलं. पण त्या वर्षापासून दर होळीला एक पोतं जाऊ लागलं, आणि आयशाची पोरं त्या पोत्यावर पावसाळा काढू लागली.

आता भाईदास. सारंगखेड्याच्या सिंधुबाई पाटलिणीचा हा मुलगा मुंबईला शिकला आणि सरकारच्या मासळी खात्यात नोकरीला लागला. ज्या घरात अंडं शिजलं तर चूल सारवतील, त्या घरचा मुलगा होडीत बसून मासे मोजतो हे कळल्यावर सिंधुबाईनं गावात सांगितलं की भाईदास समुद्राचं पाणी तपासतो. ते अगदीच खोटं नव्हतं. आखातातली चाकसी का आटली, याचा शोध घ्यायचं काम त्याच्याकडे होतं. आणि समुद्रात धुंडायला गेलेला हा माणूस सदतीस सालच्या हिवाळ्यात उलटा फिरून आपल्याच गावात उगवला.

तो पहिल्याच दिवशी डोहावर गेला. भिला जाळं ओढत होता. भाईदास जाळ्याजवळ बसला, त्यानं कापड हातात घेतलं आणि त्याचा काठ बोटांनी चाचपला.

"हाऊ काठ मन्ही मायना लुगडाना शे," तो म्हणाला.

मग सारंगखेड्याची यात्रा भरली. घोड्यांच्या बाजाराच्या कडेला, मिठाईवाल्यांच्या ओळीत भाईदासनं एक तंबू ठोकला आणि आत फळीवर काचेच्या बरण्या मांडल्या. बरण्यांत मासे. सगळ्यात डावीकडे बोटभर, मग त्याहून थोडा मोठा, असं करत उजवीकडे हातभर चाकसी. लोकांना वाटलं नवा तमाशा आलाय. सिंधुबाई त्या आठवडाभर घराबाहेर पडली नाही.

नईमा गेली ती कौतुकानं. भाईदास लहान असताना तिच्याच गोधडीत झोपलेला. त्यानं उठून तिला बसायला पाट दिला. भिला आधीच येऊन कोपऱ्यात उकिडवा बसला होता, चेहऱ्यावर कोणाचंही न ऐकण्याची तयारी.

"नईमाबी," भाईदास म्हणाला, "हाई चांदनी न्यारी मासळी नही शे. हाई चाकसीनी पोर शे."

भिला खो खो हसला. नईमाही हसली. मुंबईला शिकलं की माणूस असं काहीतरी बोलणारच.

भाईदास रागावला नाही. त्यानं बरणीतून चाकसी काढली, पाण्यानं धुतली आणि कापडावर ठेवली. शेजारी चांदणी ठेवली. "तुन्हं नख बठ्ठा गावले मालूम शे. ह्या दोन्हीना पोटवर फिरावी देख."

या दोन्ही मासळ्यांच्या पोटाची कड करवतीसारखी दातेरी असते. चांदणी चोळताना ते दाते नईमाच्या बोटांना रोज टोचायचे, चाकसी साफ करताना पूर्वी तेच टोचलेले. पण दोघी एका वेळी तिच्या हातात कधी आल्याच नव्हत्या. एक पावसाळ्याची, दुसरी हिवाळ्याची. तिनं सवयीनं डोळे मिटले. नख चाकसीच्या पोटावरून फिरवलं आणि टाके मोजावे तसे दाते मोजले. मग चांदणीच्या पोटावरून. मग मधल्या आकाराचे मासे एकेक करून मागून घेतले आणि त्यांच्याही पोटावरून. एक दाता कमी नाही, एक जास्त नाही. लहानीचे दाते बारीक, मोठीचे जाड, मोजणी तीच. नख कुठंच अडलं नाही.

नईमानं डोळे उघडले. तिला एकाएकी आठवलं, की इतक्या वर्षांत इतकी चांदणी हाताखालून गेली, पण एकीच्याही पोटात गाभोळी मिळाली नाही. कधीच नाही. अंडी नसलेली मासळी दर हिवाळ्याला येते कुठून, हे विचारायचं तिला सुचलं नव्हतं. भिलाला नाही, त्याच्या बापाला नाही.

भाईदास सांगत होता. "माय पावसायामा वर येस, आठे अंडा टाकस नि पाछी जास. पोरे हिवायाभर तापीमा वाढतस, मंग समुद्रमा उतरतस. दोन-तीन सालमा मोठ्या व्हयीसन त्याच पाछ्या वर येतस. आम्ही समुद्रमा जायं टाकं, पोट फाडी फाडी देखं. म्हाताऱ्या चाकसी सापडन्यात, तरनी एक नही. मंग मी ईचार कया, पोरे जातस कोठे? ते धुंडत धुंडत मी मन्हाच गावले उनू."

"मंग काय आम्ही उपाशी मरवो?" भिला उसळला.

"मासा खावू नका आसं मी म्हनत नही. दिवाईपासून व्हईलोंग लुगडानं जायं टाकू नका. चांदनीले उतरू द्या. पावसायामा मोठा भोकनं जायं टाका, नि पहिला पूरनी चाकसी सोडी द्या, तिले अंडा टाकू द्या. मंग धरा. दरसाल धरा."

"भाईदासभाऊ, तुमले रोटी सरकार देस. माले तापी देस," भिला म्हणाला आणि उठून गेला. चुकीचं तो काय बोलला? त्याच्या घरी खाणारी तोंडं होती आणि भाईदासची चाकसी दोन-तीन सालांनी येणार होती.

नईमा मात्र हे काहीच ऐकत नव्हती. तिच्या डोळ्यांपुढं वाळूवर पालथी पडलेली एक होडी होती, जी तिनं अजून पाहिलीही नव्हती.

"नईमाबी, तुन्हा दोष नही," भाईदास म्हणाला. "कोनलेच मालूम नव्हतं."

"मन्ही बहीन समुद्रवर शे," नईमा म्हणाली. "मी तिले दरसाल पोतं धाडस."

भाईदासनं चांदणी उचलून परत बरणीत ठेवली.

घरी येऊन तिनं अर्धं शिवलेलं जाळं उसवायला घेतलं. बशीरनं विचारलं, टाका चुकला का? ती म्हणाली, बठ्ठाच चुकनात. दुसऱ्या दिवशी ती भिलाच्या घरी गेली आणि म्हणाली, मी यापुढं जाळं शिवणार नाही. भिलाची बायको ओसरीवर बसून लुगडी जोडत होती. दुहेरी टाका, खालच्या काठात खापर, मधे झोळी, सगळं नईमाचंच बघून शिकलेलं. पलीकडच्या ओसरीवर तिची जाऊ तेच करत होती. भोईवाड्यातल्या प्रत्येक सुईला ते काम येत होतं. नईमा जागच्या जागी उभी राहिली. आपण थांबलो की थांबेल, असं तिला वाटलं होतं, आणि आता तिला स्वतःची भीती वाटली.

मग तिनं एक वेड घेतलं. जो कोणी लुगड्यांचं जाळं आणून देईल त्याला त्याच्याच कापडाची गोधडी फुकट, कापूस बशीरनं पिंजलेला. खुंटीवरची धनुकली खाली आली. लोक हसले, काहींनी जाळी आणून दिली, काहींनी एक दिलं आणि दुसरं लपवलं. ती त्यांच्या दारात जाऊन बसायची, भांडायची, शिव्या खायची आणि जाळं घेऊन उठायची. भाईदास दर हिवाळ्याला यायचा आणि डोहातल्या चांदणीची नोंद घ्यायचा. बेचाळीसच्या पावसाळ्यात प्रकाशाच्या घाटावर लोक धावत गेले, चाकसी आली होती. खूप नव्हत्या, पण होत्या. भिलानं पहिल्या पुराची चाकसी सोडली, असं तो शपथेवर सांगायचा. अगदी सगळ्या सोडल्या नसतील. पुढच्या पुराची एक त्यानं नईमाच्या दारात आणून टाकली. नईमानं ती शेजारणीला देऊन टाकली. ती घाटावरही गेली नाही, आणि मरेपर्यंत तिनं मासळी तोंडात घातली नाही. लोकांना वाटे, म्हातारी देवाधर्माला लागली. तसं नव्हतं. कारण घडलं होतं ते त्या यात्रेनंतरच्या होळीला, सुरतेकडे.

त्या होळीला नईमा पोतं न पाठवता स्वतः गेली. उसवलेल्या जाळ्याची एक गोधडी शिवून तिनं बरोबर घेतली होती. लुगडी तिनं रिठ्यानं धुतली, उन्हात टाकली, परत धुतली, तरी वास पुरता गेला नव्हता. आगगाडीत शेजारची बाई पदर नाकाला लावून दूर सरकली.

आयशाचं घर तिनं पहिल्यांदाच पाहिलं. दारातून समुद्र दिसत होता, मैलच्या मैल पाणी, आणि त्यावर जेमतेम एखाददुसरं शीड. होडी सांगितल्याप्रमाणे पालथी पडलेली. खरंच तिच्याखालून एक कोंबडी ओरडत बाहेर आली. आत हारुन भिंतीला टेकून खोकत होता. आयशाचे केस अर्धे पांढरे झालेले. ती नईमाच्या गळ्यात पडली आणि तिच्या मागं बघू लागली.

"आपा, पोतं कोठे शे?"

नईमा वाटेत जुळवलेलं सगळं बोलणं विसरली. तिनं उंबऱ्यावरच बसून सांगून टाकलं. आपल्या जाळ्यात काय अडकत होतं, चांदणी म्हणजे काय, ती मोठी होऊन कुठं यायची होती, कोणाच्या होडीत पडायची होती. सांगताना ती आयशाकडे बघू शकत नव्हती, मांडीवरच्या गोधडीच्या टाक्यांवरून नुसतं नख फिरवत होती. आयशा रडेल, हात धरून बाहेर काढेल, काहीही करेल, त्याची तिनं मनाशी तयारी केली होती.

आयशा रडली नाही. तिनं गोधडी उचलली, नाकाशी नेली आणि वास घेतला. मग हळू आवाजात, आपल्याशीच बोलावं तसं म्हणाली,

"दरसाल पोतं उनं का मी नमाजमा दुवा मांगी आपा. या अल्ला, मन्ही आपाना जायामा आनखी चांदनी येऊ दे."